नावासमोरचं वजा

२ मार्च, सोमवार

नोकरी लागली! वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, सव्वीस वर्षं एकाच ग्रंथालयाच्या चौकशी खिडकीमागे काढल्यावर, पुन्हा पहिला दिवस. म्हणून ही नवी वही घेतली. जुन्या वहीत वर्षभराची रडगाणी आहेत, ती तिथेच राहू देत.

कार्यालय तिसऱ्या मजल्यावर आहे. जिन्याच्या तोंडाशी एक चावीवाला बसतो. भिंतीतल्या कोनाड्याएवढं दुकान आणि मागे खिळ्यांवर शेकडो चाव्या. वर दोन खोल्या, चार टेबलं, खिडकीशी कुंडीतलं अर्धमेलं झाड. काम एकच, हरवलेली माणसं शोधून देणं. वारस, जुने भागीदार, शाळेतल्या मैत्रिणी, लहानपणी दुरावलेले भाऊ. आणि शोधायचं कशात, तर शोधयंत्रात! ज्या यंत्रामुळे आमच्या खिडकीवर माशा मारायची वेळ आली आणि शेवटी ग्रंथालयाला टाळं लागलं, त्याच्याच पुढ्यात बसून आता पोट भरायचं. नशिबाला विनोदाची आवड आहे, दुसरं काय.

मालकीणबाईंना सगळे मॅडम म्हणतात. साठीच्या आहेत, अंगाने बारीक, आवाज चढवत नाहीत. माझ्यासमोर एक गृहस्थ बसतात, पूर्वी वर्तमानपत्रात मुद्रितं तपासायचे. त्यांना इथे काना-मात्रा म्हणतात आणि तेही ओ देतात. त्यांनी आल्या आल्या विचारलं, की तुम्ही ग्रंथालयवाले, म्हणजे तुम्हाला सगळं येतच असेल? मी म्हटलं, बरंचसं येतं. मनातून मात्र 'सगळं' असंच म्हणालो होतो.

४ मार्च, बुधवार

दोन दिवस शिकवणी झाली. मला वाटलं होतं की हे मला काय शिकवणार, पण यंत्राच्या पोटात बऱ्याच खुंट्या आहेत, हे मान्य करायला हवं. लोक दोन शब्द टाकतात आणि ढिगातली वरची भाजी उचलून घरी जातात. खाली हात घालायचा कुणाला सुचत नाही.

पूर्ण नाव अवतरणचिन्हांत टाकलं की यंत्र तेच नाव, त्याच क्रमाने शोधतं. मधला शब्द आठवत नसेल तर तिथे तारा टाकायचा, रिकामी जागा यंत्र भरून काढतं. अमुक सालापासून तमुक सालापर्यंत, असं कुंपण घालता येतं. एकाच संस्थेच्या पानांत डोकावता येतं. फोटो दिला तर तसेच फोटो शोधून देतं. एखाद्या नावावर सूचना लावून ठेवली, की ते नाव कुठेही उमटलं तर आपल्याला पत्र येतं. पान काढून टाकलेलं असलं तरी त्याची जुनी प्रत काही दिवस यंत्राकडे असते. तारा आणि तारखांचं कुंपण एवढ्यावर मी आज एका बाईंची बालमैत्रीण वीस मिनिटांत काढून दिली. बाई फोनवर रडल्या. मलाही भरून आलं. फार दिवसांनी कुणाच्या उपयोगी पडलो.

एकच खुंटी वर्ज्य आहे, ती म्हणजे वजा. नको असलेल्या शब्दाला चिकटवून वजाची खूण दिली, की तो शब्द असलेली पानं यंत्र बाजूला काढतं. साधी गोष्ट. पण मॅडमचा नियम असा, की वस्तू शोधताना वजा लावा, गाव शोधताना लावा, माणसाच्या नावासमोर कधीही लावायचं नाही. त्या नावाची दहा हजार पानं आली तरी एकेक उघडून बघायचं. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, की सांगितलं तरी तुम्हाला पटायचं नाही, नुसतं पाळा.

प्रत्येक कार्यालयात असं एखादं सोवळं असतंच. आमच्या ग्रंथालयात हिरवी शाई चालत नसे.

६ मार्च, शुक्रवार

आज जेवताना ही म्हणाली, की दुनियेची माणसं शोधून देताय, आपलं एक शोधा की. आणि उठून भांडी घासायला गेली. तीन वर्षांत बायकोने हा विषय पहिल्यांदा काढला.

लिहूनच टाकतो. आम्हाला एक मुलगी आहे. एका जागी ठरत नाही म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणायचो. शनिवारी शाळा सुटली की ती माझ्या खिडकीमागे येऊन बसायची. माझं बघून तिने आपल्या खेळण्यांची कार्डं केली होती, ग्रंथालयातल्या सूचीच्या खऱ्या कार्डांवर, खाली सळईचं भोक असलेल्या. 'अस्वल. एक कान नाही. जागा: पलंगाखाली. देता येणार नाही.' अशी एकतीस कार्डं. बुटांच्या खोक्यात घालून मी ती कपाटात ठेवली आहेत.

कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला तिने कॉलेज सोडलं. आम्हाला न सांगता अवजड गाडीचं लायसन्स काढून आली आणि म्हणाली, की मी ट्रक चालवणार, लांब पल्ल्याचा. मी म्हणालो, ट्रक चालवणारी मुलगी माझी नाही. हे मी ओरडून म्हणालो नाही. चौकशी खिडकीवर पुस्तक उपलब्ध नाही म्हणून सांगावं, त्या आवाजात म्हणालो. जाताना तिने नवा नंबर चिठ्ठीवर लिहून ठेवला होता. मी ती चिठ्ठी फाडली. काही महिने आईला तिचे फोन येत होते, एका विमा कचेरीत लागले म्हणाली होती. पुढे तेही थांबलं.

ही नोकरी मी पोटासाठी धरली, असं सगळ्यांना सांगतो. खरं कारण भिंगरी आहे. ती सापडली पाहिजे. जाऊन तिच्यासमोर उभं राहायचं आणि तीन वर्षं घशात अडकलेलं वाक्य एकदाचं बोलून टाकायचं. चुकलो, एवढंच आहे ते वाक्य.

९ मार्च, सोमवार

सकाळी चावीवाल्याकडून घराची जादा चावी करून घेतली. बोलका माणूस आहे. म्हणाला, की साहेब, तुम्ही माणसं शोधता, मी दारं उघडतो, आपला धंदा एकच.

दुपारी एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या धाकट्या भावाचं काम आलं, आणि गंमत बघा, नाव अगदी खालच्या चावीवाल्याचंच. जिकडे तिकडे तोच. चावी, कुलूप, तिजोरी, 'घरी येऊन उघडून मिळेल'. चारशे पानं! मॅडम बाहेर गेल्या होत्या. काना-मात्रा डबा खात होते. मी नाव अवतरणचिन्हांत टाकलं आणि पुढे वजा लावून 'चावी' लिहिलं. पहिल्याच पानावर, तिसऱ्या नोंदीत धाकटा भाऊ! दहा मिनिटांत काम झालं.

कुणाला सांगितलं नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला? सव्वीस वर्षं ज्याने लोकांना नेमकं पान काढून दिलं, त्याने चारशे पानं उपसायची म्हणजे अतिच झालं.

१० मार्च, मंगळवार

चावीवाला दिसला नाही. सुट्टी घेतली असेल. मीही घाईत होतो, नीट बघितलं नाही.

आज जेवणाच्या सुट्टीत भिंगरीचं नाव टाकलं. इतके दिवस हात धजत नव्हता. पूर्ण नाव, अवतरणचिन्हांत. तीनशे बारा पानं. एक दातांची डॉक्टर निघाली, पान उघडून फोटो बघितला, आपली नव्हे. एक बुद्धिबळ शिकवणारी, सत्तरीची. बाकी सगळी गर्दी एकाच कुणा बाईची, आणि ती म्हणे ट्रकचालक. ट्रक घेऊन इतके लाख किलोमीटर, ट्रकचालक महिलांची सभा, ट्रकच्या केबिनमधून मुलाखत. ओळीओळीत ट्रक.

तो शब्द वाचूनच माझं टाळकं सरकलं. यंत्रसुद्धा खिजवतंय, असं वाटलं. आमची भिंगरी विमा कचेरीत आहे, आईला तिने स्वतः सांगितलं होतं. ट्रकचं खूळ मी तिच्या डोक्यातून तेव्हाच काढलं होतं. ही दुसरीच कुणी असणार, एकाच नावाच्या मुली काय थोड्या असतात? ती पानं मी उघडली नाहीत. वजा लावलं आणि चिकटवून 'ट्रक' लिहिलं.

तीनशे बाराची नऊ झाली. डॉक्टर आणि बुद्धिबळवाली. भिंगरी नाही. तिच्या नावावर सूचना लावून ठेवली. उमटेल कधीतरी.

११ मार्च, बुधवार

एक विचित्र प्रकार. चावीवाल्याचं दुकान नाही. बंद नाही, नाहीच. तिथे सलग भिंत आहे, जुना रंग आणि त्यावर ओल. हात लावून बघितला. काना-मात्रा म्हणाले, की सात वर्षं मी हा जिना चढतोय, इथे कसला चावीवाला? वर मलाच म्हणाले, की चष्म्याचा नंबर तपासून घ्या.

खिशातून जादा चावी काढली. तिला दातेच नाहीत. कोरी पट्टी आहे. परवा याच चावीने मी कुलूप उघडून बघितलं होतं.

मॅडमना मोघम विचारलं. त्यांनी थेट विचारलं, की नावासमोर वजा लावलंत का? मी नाही म्हणालो. या वयात शाळकरी पोरासारखा खोटं बोललो.

मग त्यांनी टेबलाचा खण उघडून एक चष्मा दाखवला. पुरुषाचा, जाड काचांचा. म्हणाल्या, की हा माझ्या घरात आहे. पलंगाच्या दुसऱ्या बाजूला होता. कुणाचा ते मला ठाऊक नाही. मी एकटीच राहते, कायम एकटीच राहत आले, असं शेजारीही सांगतात. पण एके दिवशी मी या टेबलावर एक नाव शोधत होते आणि कंटाळून वजा लावलं होतं, तेवढं आठवतं. त्यांनी चष्मा पुसला आणि खण बंद केला.

काल मी कुणाला

नाही. ती ट्रकवाली भिंगरी नव्हतीच. विमा कचेरी.

१२ मार्च, गुरुवार

सकाळी उठल्याबरोबर कपाटातलं खोकं काढलं. एकतीस कार्डं आहेत. खाली सळईचं भोक आहे. सगळी कोरी.

हिला दाखवली. ही म्हणाली, की ग्रंथालयातून उचलून आणलीत वाटतं, द्या, वाणसामानाच्या याद्या करायला होतील. मी भिंगरी म्हणालो. हिने विचारलं, कोण भिंगरी? मी तिचं पूर्ण नाव घेतलं. हिचा चेहरा पडला. म्हणाली, की मूल झालं नाही त्याला मी काय करू, तीस वर्षांनी आज कशाला उकरून काढता? आणि पदराने डोळे पुसायला लागली.

भिंतीवरच्या फोटोत आम्ही दोघं आहोत. मधे हातभर जागा. माझा हात कुणाच्या तरी खांद्यावर ठेवल्यासारखा, हवेत.

ऑफिसला गेलो नाही. गल्लीत शेजाऱ्यांना विचारत हिंडलो. शिंप्याला विचारलं, तिचे शाळेचे कपडे शिवायचा तो. दूधवाल्याला विचारलं. सगळे फार गोड बोलतात. वेड्याशी बोलतात तसे.

१३ मार्च, शुक्रवार. सकाळ

साडेआठलाच आलो. वजा काढलं, नुसतं नाव टाकलं. एकही पान नाही. डॉक्टर, बुद्धिबळवाली, त्याही नाहीत. नावच राहिलेलं नाही. यंत्र विचारतं, तुम्हाला असं म्हणायचं होतं का? आणि खाली भलतंच कुणाचं नाव. नाही. मला तेच म्हणायचं होतं. मीच ठेवलेलं नाव आहे ते.

तारीख बदलून बघितली. तारा टाकून बघितला. तारा टाकला तिथे यंत्राने रिकामी जागा तशीच ठेवली.

मॅडम आल्या. त्यांना सगळं सांगितलं. मॅडम, माझी मुलगी होती, मी पान न उघडता वजा लावलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, की माणसाला वजा लावायला यंत्र लागत नाही, तुम्ही ते आधीच लावलं असणार. बरोबर. तीन वर्षांपूर्वी, चौकशी खिडकीच्या आवाजात.

मग म्हणाल्या, एक जुनी प्रत उरलेली असते कधीकधी. ती पण जाते, खालून वर, ओळीओळीने. आणि ओळी जातील तसं तुमच्या डोक्यातलंही जाईल. मला कळलं तेव्हा माझं सगळं पान गेलं होतं, म्हणून चष्मा कुणाचा ते कळत नाही. तुम्ही कागदावर उतरवून घ्या. आपण स्वतःच्या हाताने लिहिलेलं तेवढं राहतं.

माझ्या जुन्या शोधांच्या नोंदींतून पानाचा पत्ता काढला. प्रत उघडली.

केबिनमधली मुलाखत. फोटो. केस बारीक कापलेले, उन्हाने रापलेली, हसते आहे. समोरच्या काचेशी एक अस्वल बसवलंय.

एक कान नाही.

१३ मार्च. अकरा वाजता

पान खालून जातंय. उतरवतोय. सव्वीस वर्षांची मेली सवय, आधी मथळा लिहिला, मग तारीख, मग मुलाखत घेणाऱ्याचं नाव. चार ओळी फुकट गेल्या. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

काना-मात्रांना म्हटलं, तुम्ही खालच्या ओळी घ्या, मी वरच्या घेतो. ते म्हणाले, समोर कोरं पान आहे. त्यांना दिसत नाही. मलाच दिसतंय.

ती म्हणते: सुरुवातीला विमा कचेरीत होते. लायसन्स खिशात आणि मी टेबलाशी. एका दुपारी उठले ती उठलेच.

ती म्हणते: माल कुठलाही असो, कागद मी स्वतः वाचते. घरातली सवय. वडील चौकशीच्या खिडकीवर होते. ते म्हणायचे, पान उघडल्याशिवाय नको म्हणू नये.

मी म्हणायचो. मी शिकवलं होतं हे तिला.

खालून सात ओळी गेल्या.

ती म्हणते: त्यांच्या नावावर मी सूचना लावून ठेवली आहे. तीन वर्षांत एकदाच पत्र आलं. ग्रंथालय बंद झाल्याची बातमी, कर्मचाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव. त्या दिवशी रस्त्याच्या कडेला गाडी लावून खूप रडले.

ती शोधत होती. काखेत कळसा म्हणतात तो हा. मला ती—

अजून सहा. लवकर.

ती म्हणते: या महिन्याअखेर त्या बाजूची फेरी आहे. घरासमोर गाडी उभी करणार आणि—

ओळ गेली.

१३ मार्च. बारा?

तिचं नाव लिहायला घेतलं आणि—काहीतरी दोन अक्षरं होती. की तीन. घरी आम्ही तिला—गोल फिरणारं काहीतरी. मुलं दोरी गुंडाळून—नाही, ते नव्हे.

चुकलो म्हणायचं होतं. कुणाला ते

मॅडम शेजारी उभ्या आहेत. म्हणतात, थांबू नका, लिहीत राहा.

१३ मार्च, दुपार

मागची पानं वाचली. अक्षर माझं आहे. मजकूर कुणाचा, कळत नाही. आम्हाला मूलबाळ नाही.

पडद्यावर एक मुलाखत आहे, मथळ्याखालच्या चौकटीतल्या दोनच ओळी उरल्यात. कुणीतरी ट्रकवाली. चेहरा मोठा गोड आहे पोरीचा. का कोण जाणे, डोळ्यांतलं पाणी थांबत नाही. अर्धी उतरवलेली दिसते, तर पुरी करतो. पान अर्धवट सोडू नये.

प्रश्न: वडील हे वाचत असतील तर त्यांना काय सांगाल?

ती म्हणते: सांगायचं एवढंच, की बाबा, मी तुमच्यावर